गाडी पाणी खाते आणि तापतेही: कूलंट नेमकं जातं कुठे?

दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत पाणी ओतावं लागतं, घाटात तापमानाचा काटा वर चढतो. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलून झाला, रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी) साफ करून झाला, तरी महिन्याभरात पुन्हा तेच. अशा गाडीवर खर्च बराच झालेला असतो, पण एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: आधी कूलंट कमी झालं म्हणून गाडी तापली, की आधी गाडी तापली म्हणून कूलंट बाहेर गेलं? बाटली दोन्हीकडे रिकामीच दिसते. पहिल्या प्रकारात गळती शोधायची असते. दुसऱ्यात पंखा, थर्मोस्टॅट, पंप आणि रेडिएटर तपासायचे असतात. हे न ठरवता पाना हातात घेतला की चांगले भाग निघतात आणि बिघाड जागेवरच राहतो.

कूलंटचा मार्ग बंद असतो. इंजिन ऑइल थोडंफार खपतं, कूलंट खपायचं काही कारण नाही. वर्षभरात बाटलीतली पातळी बोटभर उतरली तर सोडून द्या. महिन्याला अर्धा लिटर लागत असेल तर ‘उन्हाळा आहे, पाणी लागणारच’ या समजुतीवर राहू नका.

आधी चार-पाच दिवसांची नोंद

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी सपाट जागी असताना, बाटलीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावा. किती किलोमीटर चालली, कशी चालली (शहर, महामार्ग, चढ) आणि किती मिलिलिटर घालावं लागलं, एवढंच लिहायचं. घालताना मापाचा पेला वापरा. ‘थोडंसं टाकलं’ याला काही अर्थ नाही.

तापमानासाठी डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. आत ८० अंश असोत की १००, तो हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत चालताना ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान आकडा खालीवर होणं ठीक.

आता नोंद वाचा. तापमान कायम जागेवर आणि पातळी मात्र रोज थोडी उतरते, तर गळती आधीची. पातळी कित्येक दिवस स्थिर, आणि एखाद्या दिवशी ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर आकडा ११० च्या पुढे जाऊन बाटलीतून कूलंट उतू गेलं, तर तापणं आधीचं. तिसरा प्रकार फसवा आहे: तापमान ठीक, बाहेर कुठे थेंब नाही, तरी बाटली कधी तोंडापर्यंत भरते, कधी उतू जाते, आणि रेडिएटर मात्र रिकामा. त्यात रेडिएटरची टोपी ठीक असेल तर बहुधा इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असतो. त्याकडे पुढे येऊ.

एक सावधगिरी. कूलंट फार कमी झालं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि आकडा चक्क खाली येतो. तापलेली गाडी अचानक ‘थंड’ दाखवायला लागली आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

बाटली भरलेली दिसते म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही

टाक्यांचे दोन प्रकार असतात. एकात दाबाची टोपी रेडिएटरवर असते आणि बाटली बिनदाबाची. गरम झाल्यावर जास्तीचं कूलंट बाटलीत जातं, थंड होताना रेडिएटर ते परत ओढून घेतो. जपानी वळणाच्या छोट्या गाड्यांत हाच प्रकार जास्त दिसतो. दुसऱ्यात बाटलीच दाबाखाली असते आणि टोपी तिच्यावर. तिथे पातळी सरळ दिसते.

पहिल्या प्रकारात गोंधळ होतो. टोपीच्या मध्यभागी एक लहान उलटी झडप असते, थंड होताना कूलंट परत घेण्यासाठी. ती अडकली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली की कूलंट बाटलीत जातं, पण परत येत नाही. बाटली मॅक्सवर, रेडिएटर अर्धा. झडप अडकल्याची खूण अशी: रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप) सकाळी चपटा, आत ओढल्यासारखा दिसतो. म्हणून अशा गाडीत थंड इंजिनावर टोपी काढून कूलंट गळ्यापर्यंत आहे का, हे डोळ्यांनी बघायचं.

टोपी किती दाब धरते ते सांगणारा ०.९ किंवा १.१ असा आकडा तिच्यावर असतो. काहींवर तोच ८८ किंवा १०८ किलोपास्कल असा. हा दाब फार मोलाचा. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं; ०.९ च्या दाबाखाली ते सुमारे ११८ ला उकळतं, आणि निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर आणखी आठ-दहा अंश वर. टोपीचा रबर कडक झाला की ही सगळी सवलत जाते. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९६ च्या आतच उकळेल. मुंबईत निमूट चालणारी गाडी पसरणीचा घाट चढताना उकळते, त्यामागे कधीकधी एवढी जुनी टोपीच असते. टोपी काही शे रुपयांची आहे. चार-पाच वर्षांची असेल तर तपासत बसू नका, त्याच आकड्याची नवी बसवा. ०.९ च्या जागी ‘जास्त मजबूत’ म्हणून १.१ ची बसवू नका; जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड तेवढ्यानेही सुटतो.

गरम इंजिनाची टोपी कधीही उघडायची नाही. किमान पाऊण तास थांबा, वरचा होज दाबून बघा. बोटांनी सहज दबत असेल तरच जाड फडकं घेऊन उघडा. आणि लक्षात ठेवा, चावी काढल्यावरही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो.

बाहेरची गळती: दाब द्या आणि वाट बघा

गाडीखाली पाणी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. एसी चालू असेल तर डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, त्याला रंग असतो आणि गोडसर वास येतो. (चव बघायची नाही, ते विषारी आहे.)

खरी तपासणी प्रेशर टेस्टरने होते. टोपीच्या जागी बसणारा हातपंप आणि त्यावर दाबाचा काटा. बऱ्या गॅरेजमध्ये तो असतो. नसेल तर दुसरं गॅरेज शोधा, कारण त्याच्याशिवाय केलेलं निदान अंदाजपंचे असतं. थंड इंजिनावर टोपीच्या आकड्याइतकाच दाब द्या आणि २० मिनिटं सोडा. काटा हलला नाही तर बाहेरची गळती बहुधा नाही. हळूहळू उतरला तर टॉर्च घेऊन खाली-वर बघा.

वाळलेल्या कूलंटची पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली हाच खरा पुरावा. ती कुठे सापडते? रेडिएटरची ॲल्युमिनियम जाळी आणि काळी प्लास्टिक टाकी जिथे दुमडून जोडलेली असते, त्या कडेला. होजच्या तोंडाशी क्लिपखाली. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगवर. उष्णतेने ते ठिसूळ होऊन केसाएवढी चीर पडते. पेट्रोल गाड्यांत थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांवर, ज्यांच्याकडे कुणी पाहतच नाही. इंजिन ब्लॉकच्या अंगाला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकून बसवलेल्या असतात; वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलेल्या इंजिनात त्या आतून गंजतात आणि नेमकी मागची, हात न पोचणारी टोपी झिरपायला लागते. पावसाळ्यात आडोशाला शिरलेल्या उंदरांनी कुरतडलेले होजही तपासा.

वॉटर पंपाला, ज्याला बरेच मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक छोटं भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ताजा ओघळ दिसला की पंप संपला, भोक बुजवू नका. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर, झाकणाच्या आत असतो. तिथे ओघळ क्रँक पुलीच्या बाजूने खाली उतरतो आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. असा पंप बदलताना बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी बदलावा; मजुरी एकच लागते.

थंड इंजिनावर काटा हलला नाही, तरी नोंदवहीत कूलंट जातंय? मग इंजिन गरम करून बंद करा, वर सांगितल्याप्रमाणे थांबून टोपी काढा आणि कोमट अवस्थेत पुन्हा दाब द्या. काही चिरा फक्त धातू फुगल्यावर उघडतात. काही जोड उलट इंजिन थंड असताना झिरपतात आणि गरम झाल्यावर मिटतात. त्यांच्यासाठी रात्रभर उभ्या गाडीवर पहाटे दाब द्यायचा.

हीटर कोअरची (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरची) गळती गाडीखाली दिसतच नाही. डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट वाफ, ब्लोअर लावला की गोड वास: एवढ्यावर निदान होतं. आपल्याकडे हीटर क्वचितच वापरतात, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून त्याचे दोन होज आपसात जोडून कोअर वगळता येतो. पण डॅशबोर्ड उतरवायची मजुरी टाळण्यासाठी हाच कायमचा उपाय करू नका. पावसाळ्यात काच पुसायला गरम हवा लागते.

काहीच ओलं नाही: मग आतून जातंय

इथे घाईने ‘हेड गॅसकेट गेलं’ (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग फाटलं) म्हणणारे आणि ‘हेड उघडायचं नाही’ म्हणून वर्षभर पाणी ओतत राहणारे, दोघेही सारखंच नुकसान करतात. हेड उघडण्याआधी चार चाचण्या आहेत, चारही स्वस्त.

पहिली: पहाटे थंड इंजिनाची टोपी उघडा, पातळी भरा, टोपी लावा, इंजिन चालू करा आणि दीड-दोन मिनिटांत वरचा होज दाबा. एवढ्या वेळात कूलंट तापलेलं नसतं, त्यामुळे दाब यायचं कारण नाही. होज दगडासारखा कडक झाला तर तो दाब सिलिंडरमधून आलाय.

दुसरी: निळ्या द्रावाची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी ठेवतात, तिच्यात निळं द्रावण असतं, आणि वरून फुग्याने टाकीतली हवा त्यातून ओढतात. जळक्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला की निळ्याचं पिवळं होतं. आधी कूलंट दोन इंच कमी करा, नाहीतर ते नळीत चढून चाचणी फुकट जाते. रंग बदलला तर शंका उरत नाही. बदलला नाही म्हणून गॅसकेट निर्दोष ठरलं असं मात्र नाही. ते ऑइलच्या वाटेकडे किंवा बाहेरच्या अंगाला फाटलेलं असेल तर वायू येणारच नाही.

तिसरी: रात्री गाडीला दाब देऊन ठेवा. सकाळी सगळे स्पार्क प्लग काढा, इंधनाचा फ्यूज काढा आणि समोर तोंड न ठेवता सेल्फ मारा. ज्या भोकातून तुषार उडतील तो सिलिंडर. प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरा, वाफेने धुतल्यासारखा असेल तर दुजोरा मिळाला. प्लग लावलेले असताना सेल्फ मारल्यावर इंजिन ठक्‌कन अडलं तर पुन्हा मारू नका. सिलिंडर पाण्याने भरलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चौथी: ऑइल. झाकणाखालचा मलईसारखा थर पाहून लगेच निकाल देऊ नका, पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही तो दिसतो. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल कॉफीच्या रंगाचं झालं असेल किंवा पातळी वाढली असेल तर खरं. डिझेलमध्ये ऑइल कूलर फुटूनही हेच होतं. तिथे हेड उघडण्याआधी कूलर तपासा. डिझेलमध्ये ईजीआर कूलरही (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) आतून फुटतो: कूलंट जातं, सकाळी पांढरा धूर येतो, पण रेडिएटरमध्ये बुडबुडे नसतातच असं नाही आणि असतातच असंही नाही. तो वेगळा काढून दाबाखाली तपासावा लागतो.

गॅसकेटच गेलं असेल तर नुसतं गॅसकेट बदलून काम होत नाही. ते गेलं कशाने, तर बहुधा तापून ॲल्युमिनियमचं हेड वाकल्याने. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून वाक मोजायचा. अनेक छोट्या इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते, आपल्या मॅन्युअलमधला आकडा बघा. जास्त असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग (घासून सपाट करणं), आणि फेसिंगआधी हेडला गरम पाण्यात दाब देऊन भेग तपासून घ्या. भेग असलेल्या हेडचं फेसिंग म्हणजे मजुरी पाण्यात. हेडचे बोल्ट बहुतेक नव्या इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. ते मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे. हे सगळं बिलात वेगवेगळं लिहून घ्या.

नोंद सांगते की गाडी आधी तापते

फक्त सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की आकडा उतरतो: पंखा. एसी लावा, पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट. मोटर फिरली तर बिघाड वायरिंग किंवा सेन्सरमध्ये. दोन वेगांच्या पंख्यात रेझिस्टर जळून फक्त हळू वेग जातो, तेव्हा पंखा फिरतो पण उशिरा. आणि एक वेडगळ वाटणारी चाचणी: चालू पंख्यासमोर, जाळीच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरा. तो जाळीला चिकटायला हवा. दूर उडाला तर मोटर बदलताना तारा उलट्या लागल्यात आणि पंखा उलटा फिरतोय.

वेगात किंवा चढावर तापते आणि थांबली की सावरते: हवा किंवा प्रवाह कमी पडतोय. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत काय अडकलंय ते बघा. ऊसपट्ट्यात हंगामात तिथे पाचटाचा आणि चिपाडाच्या भुशाचा अक्षरशः जाजम तयार होतो. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ, आत भिंत. दोन्ही वेगळे करून, इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरची बंदूक जाळीच्या पातळ पत्र्या आडव्या करते. आतून चोंदलेला रेडिएटर इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतो: गरम गाडीच्या जाळीवर फिरवला की मधे थंड पट्टे सापडतात.

वरचा होज चटका देणारा आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. काढून पातेल्यात थर्मामीटरसोबत दोऱ्याने लटकवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. ८२ छापलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागून ९५ पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडायला हवा. बसवताना छोटी खिळी असलेली बाजू वर, म्हणजे हवा निघून जाते.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्याकडे गरज नाही’ हा सल्ला मात्र ऐकू नका. इंजिन कधी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरतं. गाडी उलट जास्त तापते. पंखा ‘डायरेक्ट’ करणं, म्हणजे सेन्सर वगळून सतत फिरता ठेवणं, हेही त्याच जातीचं. रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी ट्रकवाल्यांची युक्ती किंवा डबीतलं लीक सील, दोन्ही भोकासोबत हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवतात. रानात अडकलात तर गाव गाठण्यापुरतं ठीक, त्यानंतर सगळं धुऊन काढा.

भरताना

बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार आत थर धरतो. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी वापरा. रंगावरून कूलंट ठरवू नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा. आणि डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेटचा (पाणी न मिसळलेल्या कूलंटचा), हे वाचा. फ्लश केल्यावर (आतून पाण्याने धुतल्यावर) ब्लॉकमध्ये पाणी उरतंच, त्यामुळे तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. हिशोब असा: क्षमता ४.२ लिटर, निथळल्यावर निघालं २.८, म्हणजे आत १.४ लिटर साधं पाणी. निम्मं-निम्मं हवं तर २.१ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग ०.७ लिटर डिस्टिल्ड.

दुरुस्तीनंतर पुन्हा तापणाऱ्या कितीतरी गाड्यांत फक्त हवा धरलेली असते. पुढची चाकं चढावर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. थंड असतानाच टोपी उघडी ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे येत राहतील तसं भरत राहा. पंखा दोनदा चालू-बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की टोपी लावा. दुसऱ्या सकाळी थोडी पातळी उतरलेली असेल, ती भरा. नंतरच्या आठवड्यात आणखी उतरली तर चिकटपट्टी पुन्हा लावा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोडसर असल्याने कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजात द्या.